वाचकांचे प्रश्न : तेच सहा टक्के यंदा कमी का वाटले?

(या महिन्यात पगारवाढीबद्दलच एवढी पत्रं आली की बाकीचे विषय पुढे ढकलले. उत्तरं देणाऱ्या ताई एका मोठ्या संस्थेच्या पगार विभागात अनेक वर्षं काम करून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी मला ६ टक्के पगारवाढ मिळाली तेव्हा मी इतकी खूश होते की लगेच फोन करून आईला सांगितलं. यंदाही ६ टक्केच मिळाली आणि पत्र वाचून डोकं फिरलं. त्यातच शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ९ टक्के मिळाल्याचं कळलं. पैशांची तशी अडचण नाही. मग एवढा राग का येतोय? मी कृतघ्न झालेय का?
— लेखा विभागात काम करणारी एक वाचक

उत्तर : कृतघ्न वगैरे काही नाही. दोन वर्षांपूर्वी त्या ६ च्या शेजारी कोणता आकडा होता ते आठवून बघा. आदल्या वर्षीचे ३ असतील, किंवा 'यंदा कुणालाच काही मिळणार नाही' ही कुजबुज असेल. यंदा त्याच्या शेजारी ९ आहे. ६ तोच, शेजार बदलला.

पगार विभागात असताना वाढीची पत्रं वाटायचं काम आमच्याकडे असायचं. पाकीट उघडणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये हे कळत असूनही लक्ष जायचंच. नजर वरच्या गोड मजकुरावरून घसरत थेट टक्क्यावर जायची. नवा पगार त्याच्या खालच्याच ओळीत ठळक अक्षरांत छापलेला असे, पण तिकडे कुणी फारसं बघत नसे. मग कागद परत घडी घालता घालता, सहज विचारल्यासारखं, "बाकीच्यांना साधारण किती दिलंय हो?" 'माझ्या हातात दरमहा किती जास्त येणार' हा प्रश्न यायचा नव्या पगाराची पहिली स्लिप निघाल्यावर, आणि तोही मोजक्याच लोकांकडून. बँकेत जमा होणार ती रक्कम, भांडण मात्र टक्क्यांवरून. तुमच्या रागाचं मूळ या क्रमात आहे असं मला वाटतं.

डॅनियल काहनेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक सिद्धान्त मांडला. त्याचा आपल्या कामापुरता अर्थ असा की माणूस मिळकत शून्यापासून मोजत नाही. मनात आधीच एक खूण असते. आकडा खुणेच्या वर गेला तर 'मिळालं', खाली राहिला तर 'गेलं'. आणि 'गेलं' हे तेवढ्याच 'मिळालं'पेक्षा जास्त टोचतं. पुढे १९९२ मध्ये त्यांनी केलेल्या मोजणीत सुमारे दुप्पट. दोन वर्षांपूर्वी तुमची खूण ६ च्या खाली होती, यंदा ती ९ वर जाऊन बसली. पगाराच्या खात्यात ६ ची भर पडलीय, पण मनाच्या खात्यात ३ ची तूट लागलीय, आणि तूट दुप्पट जड असते.

ही खूण ठरवतं कोण, हे बघण्यासारखं आहे. गेल्या वर्षीची वाढ ठरवते. बाहेरून आलेली एखादी ऑफर ठरवते, मग ती घ्यायची नसली तरी. सगळ्यात त्रासदायक खूण असते मॅनेजरने जाता जाता टाकलेल्या वाक्याची : "यंदा तुझं चांगलं होईल, बघ." बोलणाऱ्याच्या मनात ५ चे ६ असतात. ऐकणारा त्याच दिवसापासून दोन आकडी वाढ धरून चालतो. नंतर पत्रात ६ दिसले की माणूस म्हणतो, कापले. ही अशी वाक्यं किती घातक असतात ते मॅनेजर मंडळींना शेवटपर्यंत कळत नाही.

आणि शेजारचं टेबल तर असतंच. डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे पगार एका वृत्तपत्राने आपल्या संकेतस्थळावर उघड केले होते. संशोधकांनी काही कर्मचाऱ्यांना ती जागा कळवली, काहींना नाही. ज्यांचा पगार आपल्या विभागातल्या, तशाच कामावरच्या लोकांच्या मधल्या पगारापेक्षा कमी निघाला, त्यांचं समाधान उतरलं आणि दुसरी नोकरी बघावी हा विचार बळावला. गंमत पुढे आहे. ज्यांचा पगार त्या मधल्या आकड्याच्या वर निघाला, त्यांना त्याचा काही विशेष आनंद झाला नाही. म्हणजे तुम्हाला त्यांचे ९ कळले आणि तुमची झोप गेली, पण त्यांना तुमचे ६ कळले तरी ते काही जास्त सुखाने झोपणार नाहीत.

आता जरा त्या ९ कडेच बघू या. ९ टक्के, पण कशाचे? समजा तुमचा पगार १०० आहे आणि त्यांचा ८०. वाढीनंतर तुमचे १०६ होतात, त्यांचे ८७.२. काल ते तुमच्या २० मागे होते, आज १८.८ मागे आहेत. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत प्रत्येक पदाचा एक पगाराचा बँड असतो, किमान अमुक आणि कमाल तमुक. रेटिंग तेच असलं तरी बँडच्या तळाशी असलेल्याला जास्त टक्के आणि वरच्या टोकाशी असलेल्याला कमी टक्के द्यायची पद्धत असते, म्हणजे मागे पडलेला हळूहळू मध्यावर येतो. एचआरकडे याचा चौकटींचा एक तक्ताच असतो, एका बाजूला रेटिंग आणि दुसऱ्या बाजूला बँडमधली जागा. तुमचे ६ आणि त्यांचे ९ कदाचित त्या तक्त्यातल्या एकाच ओळीतले, एकाच रेटिंगचे असतील. असतीलच असं मी म्हणत नाही. पण पगार विभागाच्या खिडकीवर तावातावाने येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना स्वतःचा बँड माहीत असायचा.

जाता जाता एक सांगते. मोठ्या पगाराचा माणूस तक्रार करताना टक्के काढतो : "मला ४ आणि त्या नव्या पोराला १०!" लहान पगाराचा माणूस रक्कम काढतो : "त्यांच्या ४ टक्क्यांत माझी दोन वर्षांची वाढ येते." गणित दोघांचंही बरोबर असतं. ज्या फूटपट्टीने मोजल्यावर आपल्यावर अन्याय दिसतो, तीच फूटपट्टी ज्याच्या त्याच्या हाताला आपोआप लागते.

तरीही तुमचा राग खोटा म्हणून झटकून टाकता येणार नाही. जे. स्टेसी ॲडम्स यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की माणूस नुसती मिळकत ताडून बघत नाही. आपण घातलं किती आणि मिळालं किती, हे प्रमाण तो दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडतो. प्रमाण विस्कटलं की तो अस्वस्थ होतो, मग काम कमी करतो, जास्त मागतो किंवा सोडून जातो. अडचण एवढीच की आपण घातलेलं आपल्याला आतून दिसतं. वर्षअखेरीचा ताळेबंद जुळेना म्हणून रात्री जागलेलं, दुसऱ्याने केलेली चूक निस्तरलेलं, सगळं. दुसऱ्याचं मात्र आपल्याला त्याची घरी जायची वेळ तेवढी दिसते.

म्हणून मॅनेजरला भेटा, पण "त्यांना ९ का?" हे विचारू नका. तो प्रश्न आला की समोरचा माणूस गोपनीयतेच्या मागे जाऊन बसतो आणि बोलणं तिथेच संपतं. विचारायचं ते हे : माझं रेटिंग काय आहे, त्या रेटिंगला यंदा सर्वसाधारणपणे किती टक्के दिले, बँडमध्ये मी कुठे आहे आणि इथून वर सरकायला काय लागेल. उत्तर मिळालं तर तुमच्या ६ ला एक वेगळा शेजार मिळेल. टोलवाटोलवी झाली तर मग राग धरा. तो रास्त असेल.

प्रश्न : माझ्या टीममध्ये ८ जण आहेत, पगार साधारण सारखेच. वाढीसाठी ४ टक्के बजेट आलंय. सगळ्यांना सारखे ४ वाटले तर कटकट होणार नाही. पण दोघांनी वर्षभर टीम अक्षरशः ओढली आहे. काय करावं? आणि जास्त वाढ दिली तर ते आणखी जोमाने काम करतील, हे खरं का?
— एक टीम लीडर

उत्तर : सगळ्यांना ४ वाटलेत तर कटकट होणार नाही हे खरं. दुसरंही काही होणार नाही. पैसे जातील आणि कुणाला काही दिलं असं वाटणार नाही.

हा विषय पगारांपेक्षा जुना आहे. लाइपझिगच्या अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली हातात वजनं देऊन केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. भर जाणवायला ती किती असावी लागते, हे हातात आधी किती वजन आहे त्यावर ठरतं, असं त्यांना दिसलं. हलक्या वजनावर थोडीशी भर कळते, जड वजनावर तेवढीच भर कळतही नाही. पगाराच्या संशोधकांनी तोच प्रश्न पगाराला विचारला. १९९७ साली अतुल मित्रा, नीना गुप्ता आणि डग्लस जेन्किन्स यांनी प्रयोगशाळेत केलेल्या अभ्यासात वाढ सुमारे ६-७ टक्क्यांच्या खाली असेल तर लोकांना ती वाढ म्हणून धड जाणवलीच नाही. हा ७ काही सर्वत्र आणि सदासर्वकाळ लागू नाही. जिथे दरवर्षी १० मिळायची सवय आहे तिथे ७ दिले तर शिक्षा वाटेल. पण ४ हा आकडा सहसा जाणिवेच्या खालचा आहे, हे धरून चाला.

तुमचं गणित करते. ८ जणांचे ४ प्रमाणे ३२ होतात. दोघांना ७ दिले की १४ गेले, उरलेल्या १८ मध्ये सहा जणांना प्रत्येकी ३. या सहा जणांना ३ आणि ४ मधला फरक स्वतःच्या स्लिपवर जेमतेम दिसेल. शेजारचे ७ मात्र लख्ख दिसतील, आणि तुमची खरी परीक्षा तिथे आहे. मी तुमच्या जागी असते तर ७ आणि ३ च केले असते, पण एका अटीवर. त्या दोघांनी काय वेगळं केलं हे उरलेल्या सहांपैकी कुणालाही समोर बसवून दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला त्यातलं काम ओळखीचं वाटलं पाहिजे. ते जमत नसेल तर ४ वाटा आणि त्या दोघांसाठी दुसरं काही मागा : बढती, चांगला प्रकल्प, काहीही.

आणि हे पत्र निघायच्या आधी सांगा. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० सालचा अभ्यास पगारकपातीचा आहे, पण त्यातला धडा वाढीलाही लागू आहे. दोन कारखान्यांत काही आठवड्यांसाठी १५ टक्के कपात झाली. एकात व्यवस्थापनाने सविस्तर कारण सांगितलं, वाईट वाटतंय हे बोलून दाखवलं, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्यात चार कोरडी वाक्यं. कपातीच्या काळात दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या, पण जिथे नीट सांगितलं तिथे त्या बऱ्याच कमी वाढल्या. कपात तीच होती. तुमच्या सहा जणांना ३ देताना 'तुमच्या उत्कृष्ट कामगिरीबद्दल' अशी ओळ पत्रात येऊ देऊ नका. ३ टक्क्यांवर ते वाक्य थट्टा वाटतं. 'यंदाच्या बजेटमधली नियमित वाढ' असं साधं लिहा.

जोमाने काम करतील का? फार आशा धरू नका. युरी ग्नीझी आणि जॉन लिस्ट यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना ताशी १२ डॉलरवर डेटा एंट्रीला बोलावलं आणि आल्यावर त्यातल्या काहींना अचानक २० डॉलर देऊ केले. पहिला दीड तास त्यांनी भरपूर जास्त नोंदी केल्या. मग उत्साह ओसरला आणि त्यांचं काम १२ डॉलरवाल्यांच्या बरोबरीला आलं. वर्षभराच्या नोकरीत आणि एका दिवसाच्या कामात फरक आहे, हे मान्य. पण २० ला नवी खूण व्हायला एक जेवणाची सुट्टीदेखील लागली नाही. त्या दोघांना ७ द्या ते झालेल्या कामाचे. पुढच्या कामाचा ॲडव्हान्स म्हणून देऊ नका.

प्रश्न : पगारवाढ ५ टक्के, महागाईही ५ टक्के. नवरा म्हणतो तुला वाढ शून्य. मी म्हणते शून्य कशी, स्लिपवर दिसतेय की! पैज लागली आहे. निकाल द्या.

उत्तर : पैज नवऱ्याने जिंकली. पण तुमच्या बाजूने बरीच गर्दी आहे, म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

शफीर, डायमंड आणि ट्वर्स्की यांनी १९९७ मध्ये लोकांपुढे दोन नोकरदार मुलींची गोष्ट ठेवली. सुरुवातीचा पगार सारखाच. एकीकडे महागाई शून्य आणि वाढ २ टक्के, दुसरीकडे महागाई ४ आणि वाढ ५. आर्थिकदृष्ट्या कोण पुढे, असं विचारल्यावर ७१ टक्के लोकांनी बरोबर पहिली सांगितली. पण जास्त सुखी कोण, असं विचारल्यावर ६४ टक्के लोक दुसरीकडे गेले. गणित येत होतं, तरी ५ हा आकडा मनाला भावला.

मालकांना हे चांगलं ठाऊक असतं. १९८६ साली काहनेमान, नेच आणि थेलर यांनी कॅनडात फोनवरून लोकांना विचारलं. मंदी आहे, महागाई नाही, कंपनीने पगार ७ टक्क्यांनी कापले. ६२ टक्के लोकांनी हा अन्याय ठरवला. दुसऱ्या गटाला सांगितलं की मंदी तीच, पण महागाई १२ टक्के आहे आणि कंपनीने ५ टक्केच वाढ दिली. हा अन्याय फक्त २२ टक्के लोकांना वाटला. खिशाला लागणारी कात्री दोन्हीकडे जवळपास सारखीच. म्हणजे महागाईच्या वर्षात पगार न कापता कापता येतो आणि वर आभारही मानले जातात.

एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूचा. महागाईचा सरकारी आकडा ही सरासरी असते. तुमच्या घरात भाडं, फी आणि औषधं यांवर किती जातं, त्यावर तुमची महागाई ३ असेल किंवा ८. नवऱ्याला म्हणावं, घरखर्चाची वही काढ आणि मग शून्य म्हण. वही न काढता तो पैजेचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

प्रश्न : कंपनी दोन पर्याय देतेय : वर्षाच्या पगाराच्या १० टक्के एकरकमी बोनस किंवा पगारात ५ टक्के कायमची वाढ. सगळे सहकारी बोनस घेताहेत. मीही घ्यावा का?

उत्तर : किती दिवस तिथे राहणार आहात? वर्षभरात सोडायचं ठरलं असेल तर बोनस घ्या आणि मोकळे व्हा.

राहणार असाल तर वार्षिक पगार १०० धरा. बोनस म्हणजे आज १०, एकदाच. वाढ म्हणजे दरवर्षी ५. दोन वर्षांत बरोबरी होते, तिसऱ्या वर्षापासून वाढवाला पुढे जातो, आणि त्याच्या पुढच्या वाढी १०५ वर मोजल्या जातात. सहकारी बोनसकडे का धावतात ते उघड आहे. १० एका दिवशी, एका रकमेत खात्यात येतात आणि डोळ्यांत भरतात. ५ चे बारा तुकडे होतात आणि दरमहाचा तुकडा इतका लहान असतो की महिन्याच्या खर्चात तो कुठे गेला ते कळतही नाही. तेच ५ कंपनीला मात्र दरवर्षी मोजावे लागतात, म्हणून बोनसचा पर्याय तिनेच पुढे केला असण्याची शक्यता बरीच आहे. कर्जाचा एखादा महागडा हप्ता आज फेडून टाकायचा असेल तर बोनसचा विचार जरूर करा. नसेल तर वाढ घ्या. सही करण्याआधी एचआरकडून लेखी विचारून घ्या, की ही ५ टक्के वाढ पुढच्या अप्रेझलच्या नियमित वाढीव्यतिरिक्त आहे की तिच्यातूनच वजा होणार आहे. वजा होणार असेल तर हे सगळं गणित उलटतं, आणि सहकारी बरोबर आहेत.